कुसळ यायच्या आत

निरवांगी हे नीरेच्या काठचं गाव. नदीपलीकडे सोलापूर जिल्ह्यातला माळशिरस तालुका, अलीकडे आपला इंदापूर. काठाला ऊस, मधे गाव, आणि उत्तरेला जमीन चढू लागली की माती उथळ होत जाते, मुरूम वर येतो, बाभळी खुरटतात. तिथून माळ सुरू होतो. भादव्यात या माळाकडे नीट बघावं. एरवी ज्याला आपण ओसाड म्हणतो, तो चार-सहा आठवडे गुडघाभर गवताने भरलेला असतो.

अशाच एका माळाच्या कडेला एका वयस्क मेंढक्याबरोबर मी दुपारभर बसलो होतो. त्यांची दीडेकशे मेंढरं रस्त्याच्या साइडपट्टीवर होती. डांबर आणि चारी यांच्यामधल्या तीन हात पट्टीत तोंडं खाली घालून ती पुढे सरकत होती, आणि मामा दर दोन मिनिटांनी उठून एखाद्या मोटारसायकलीसाठी त्यांना आत हाकलत होते. चारीच्या पलीकडे खणलेला चर, चरापलीकडे गवत, आणि गवतात चराईस मनाई असल्याची पाटी. मामांनी हात लांब करून पलीकडची एक काडी उपटली. "ह्ये बगा पाव्हणं, आजून कवळं हाय. आट-धा दिसांत कुसाळ येतंय. मग आमच्या बकऱ्यास्नी त्याचा काय उपेग न्हाई."

मग त्यांनी एक मेंढी पकडून तिच्या मानेची लोकर दोन बोटांनी उसवली. आत गेल्या साली अडकलेलं कुसळ होतं, काळं, सुईसारखं, अर्धं कातडीत रुतलेलं. कुसळीचं बी मोठं विलक्षण असतं. त्याची शेपटी ओल लागली की पीळ सोडते, वाळली की पुन्हा पीळ घेते, आणि या उलटसुलट फिरण्याने टोकाचं बी जमिनीत गिरमिटासारखं घुसतं. जमिनीऐवजी मेंढीचं अंग मिळालं तर त्यातही घुसतं. मेंढीच्या ओठांना, डोळ्यांना, खुरांच्या बेचक्यात जखमा होतात. म्हणून कुसळीच्या माळावर मेंढीला चरायचं ते कुसळ यायच्या आत. त्यानंतर ते गवत फक्त पेटायला उपयोगी.

सरकारी जमिनीवरच्या चराईचा अख्खा प्रश्न या आठ-दहा दिवसांत दिसतो, असं मला त्या दिवसापासून वाटतं. आपण तो कायम 'चराई हवी की नको' असा मांडत आलो. खरा प्रश्न कुणी, किती, कुठल्या महिन्यात चारायचं आणि ते कुणी ठरवायचं, हा आहे. यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना मेंढपाळाला आजवर कुणी शेजारी बसवून घेतलेलं नाही.

हा वाद जगभर आहे. अमेरिकेत सध्या तो बायसनवरून पेटलेला आहे. बायसन म्हणजे आपल्या दाजीपूरचा गवा नव्हे, त्याचा दूरचा भाऊबंद. एकेकाळी कोट्यवधींनी असलेला हा प्राणी 1880 च्या दशकाअखेर हजारही उरला नव्हता. माँटाना राज्यात 'अमेरिकन प्रेअरी' ही संस्था त्याला पुन्हा माळावर आणू बघते. तिथल्या केंद्र सरकारच्या जमीन खात्याने 2022 मध्ये काही सार्वजनिक कुरणांवर गाईगुरांच्या जोडीने बायसन चारायला परवानगी दिली, तेव्हा गुरं पाळणाऱ्यांनी आणि राज्य सरकारने विरोध केला. वादाची बाजू कुठलीही घ्या, एक गोष्ट बघण्यासारखी आहे. तिथे 1934 च्या टेलर चराई कायद्यापासून प्रत्येक कुरणाचा परवाना असतो. त्यात जनावरांची संख्या लिहिलेली असते, महिने लिहिलेले असतात, फी ठरलेली असते. भांडण त्या कागदावरच्या एका शब्दावरून होतं. आपल्याकडे इंदापूरच्या मेंढक्याजवळ भांडायलासुद्धा कागद नाही.

आता पावसाळ्याचे चार महिनेच इतके अवघड का, ते समजून घेऊ. दख्खनी मेंढीला ओल सोसत नाही. पाय चिखलात राहिले की खूर कुजतात, भिजलेली लोकर अंगावरच राहते, पिल्लं गारठून मरतात. म्हणून घाटमाथ्यावर, मावळात, कोकणात ती पावसाळा काढू शकत नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला बारामती, इंदापूर, दौंड, फलटण, माण हा पट्टा, जिथे वर्षाला साधारण 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हेच तिचं पावसाळ्यातलं माहेर. दसरा-दिवाळी झाली, खरीप निघालं, की मेंढपाळांचे वाडे, म्हणजे बिऱ्हाडासह फिरणारे तांडे, हलतात. घोड्यांवर बिऱ्हाड, वर कोंबड्या आणि लहान पोरं, पुढे मेंढरं, मागे कुत्री. काही वाडे घाट उतरून कोकणात भाताच्या मोकळ्या खाचरांत जातात, काही नीरा-भीमेच्या बागायतीत फिरतात. या आठ महिन्यांत मेंढपाळ कुणाला नकोसा नसतो. शेतकरी त्याला बोलावून घेतो, रानात मेंढरं बसवतो. रात्रभर वाघरीच्या जाळीत बसलेला कळप सकाळी लेंडी आणि मूत टाकून उठतो, जागा बदलत बदलत अख्खं रान खतावून देतो, आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे मिळतात. ऊसतोडीच्या फडावर वाढं मिळतं, बाभळीच्या शेंगा मिळतात.

मृग लागला की हे सगळे दरवाजे एकदम बंद होतात. रानं पेरलेली असतात. बागायतीत ऊस उभा असतो. मेंढरं परतीला लागलेली असतात आणि जायला जागा एकच, माळ. माळ म्हणजे थोडी खाजगी पड, थोडं गायरान आणि उरलेलं बरंचसं वन विभागाचं. नेमक्या याच महिन्यांत गवताला वाढायला विसावा हवा असतो, त्यामुळे नेमका याच महिन्यांत माळ बंद असतो. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. त्यांची गाठ एका हंगामात पडते, आणि ती सोडवायची कुठली व्यवस्था आपण उभी केलेली नाही.

व्यवस्था पूर्वी होती. 'कुरण' हा शब्दच मुळी राखलेल्या गवताचा आहे. मराठेशाहीत सरकारी घोड्यांसाठी कुरणं राखली जात, आणि धनगर-गवळ्यांकडून वनचराई नावाचा कर घेतला जाई. कर देणं कुणालाच आवडत नाही, पण कर भरणाऱ्याचा हक्क त्याच वहीत नोंदला जातो. भीमा-नीरेच्या काठच्या याच गवतावर भीमथडीचं तट्टू घडलं, बुटकं, काटक, दिवसभर चालणारं. मराठ्यांच्या फौजेत त्याचं नाव होतं. फौजा गेल्या, पण तट्टू जगलं ते धनगरांच्या बिऱ्हाडाखाली. अलीकडे देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून त्याची सरकारदरबारी नोंद झाली, त्यामागे पिढ्यान्पिढ्या वाड्याबरोबर चाललेली ही घोडी आहेत. हे श्रेय आपण त्या माणसांना उघडपणे द्यायला हवं.

इंग्रजांनी गणित बदललं. मे 1875 मध्ये आजच्या बारामती तालुक्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली आणि दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटलं, हे शाळेच्या पुस्तकात असतं. त्यानंतर लगेच 1876 ते 78 चा दुष्काळ आला, आणि 1878 ला जंगल कायदा. जंगल म्हणजे लाकूड, ही त्या कायद्याची दृष्टी. ज्या जमिनीवर झाड नाही ती पडीक, आणि पडीक जमिनीवर एक दिवस झाड आणायचं, ही त्या दृष्टीची पुढची पायरी. 1885 मध्ये नीरा डावा कालवा आला आणि नदीकाठची जिरायत हळूहळू बागायत झाली. कालव्याने माणसांचं भलं केलं, त्याबद्दल दुमत नाही. पण पूर्वी ज्वारी-बाजरी काढल्यावर मोकळी पडणारी रानं उसाखाली गेली, आणि मेंढरांचा भार होता त्याहून कमी माळावर येऊन पडला. 1927 चा वन कायदा आजही चालू आहे. राखीव वनात गुरं चारणं हा त्यात गुन्हा आहे. इंदापूरच्या गवताळ माळाला आणि ताम्हिणी घाटातल्या दाट रानाला कायदा एकच.

स्वातंत्र्यानंतर एक नवा शब्द आला, चराईबंदी. 1972 च्या दुष्काळाने महाराष्ट्राला हादरवलं होतं. राळेगणसिद्धीने पाणी अडवून, माती धरून जे करून दाखवलं, त्याने हजारो गावांना उमेद दिली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान ही सूत्रं पुढे 1992 पासून आदर्श गाव योजनेचा पाया झाली. या कामाबद्दल मला आदर आहे, आणि गावाने स्वतःच्या डोंगरावर स्वतःच्या गुरांना बंदी घालणं यात काही गैर नाही. गावच्या शेतकऱ्याला त्या बंदीच्या बदल्यात विहिरीला पाणी मिळालं, कापून न्यायला चारा मिळाला, गोठ्यात संकरित गाय आली. पण त्याच गावावरून पिढ्यान्पिढ्या जाणारा वाडा ग्रामसभेत नव्हता. त्याने सोडायचं सगळं सोडलं आणि बदल्यात काहीच घेतलं नाही. चराईबंदी हे एका गावाचं कष्टाने घेतलेलं व्रत होतं. पुढे ते सरकारी कामाच्या यादीतलं एक कलम झालं, तेव्हा त्यातली देवाणघेवाण गळून गेली आणि नुसती बंदी उरली.

आता गवताचंच बोलू. चराईने माळ खराब होतो का? होतो. जास्त मेंढरं, तीही गवत जेमतेम उगवतं तेव्हाच सोडली, तर मारवेल आणि शेडा ही गोड, पुन्हा फुटणारी गवतं मागे पडतात. त्यांच्या जागी कुसळी वाढते, आणि आणखी ताण दिला की काळी, तारेसारखी, जनावर तोंड न लावणारी गवतं राज्य करतात. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी 1973 मध्ये भारतातल्या गवतांचा जो मोठा आढावा प्रसिद्ध केला, त्यात दख्खनच्या माळांची ओळखच शेडा आणि मारवेल या दोन घराण्यांवरून केली आहे. ती ओळख आज अनेक माळांवर पुसट झाली आहे, आणि त्यात मेंढरांचा वाटा आहे. तो नाकारून मेंढपाळांची बाजू घेता येणार नाही. शेळ्या मिसळलेला कळप कोवळे शेंडे खातो. आकडी आणि कोयत्याने बाभळी ओरबाडल्या जातात. काही कळपांत निम्मी मेंढरं गावातल्या दुसऱ्याच कुणाची, गुंतवणूक म्हणून ठेवलेली असतात, आणि त्यांची संख्या माळ बघून ठरत नाही.

पण चराई पूर्ण थांबवली तर माळ सुधारतोच, हा त्याहून मोठा गैरसमज आहे. दोन-चार वर्षं गवत खाल्लं गेलं नाही तर जुनी वाळलेली काडी उभी राहते, नव्या फुटव्याला ऊन मिळत नाही, आणि एखाद्या विडीच्या थोटकाने अख्खा माळ पेटतो. धाविक, चंडोल, माळटिटवी यांना आखूड, उघडं गवत लागतं. चिंकाऱ्याला लांबवर दिसावं लागतं. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात 1982 मध्ये म्हशींची चराई एकाएकी बंद केली, त्यावरून झालेल्या गोळीबारात गावकऱ्यांचे जीव गेले. आणि पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्याच दीर्घ अभ्यासात दिसलं, की म्हशी नसल्यामुळे गवताने पाणथळी गिळली आणि पक्ष्यांचं नुकसान झालं. पाणथळ आणि माळ एक नाहीत, हे मान्य. पण जे गवत हजारो वर्षं कुणाच्या ना कुणाच्या तोंडाखाली वाढलं आहे, त्याला ते तोंड काढून घेतल्यावर काय होतं, हे बघितल्याशिवाय बंदी घालू नये, एवढा धडा तरी तिथून घ्यावा.

माळाचं खरं नुकसान गेल्या काही दशकांत झाडांनी केलं. हे वाक्य लिहिताना हात थबकतो, कारण झाड लावणं हे आपल्याकडे पुण्याचं काम आहे. 2017 ते 2019 या काळात राज्याने 50 कोटी झाडं लावण्याचा संकल्प केला, एकट्या 2019 मध्ये 33 कोटी. एवढी झाडं लावायला मोकळी जागा हवी, आणि नकाशावर मोकळी दिसणारी जागा म्हणजे माळ. जेमतेम वीतभर मातीच्या, 500 मिलिमीटर पावसाच्या जमिनीत खड्डे काढले गेले, गिरीपुष्पाच्या रांगा लागल्या, सलग समतल चर खणले गेले. खणलेल्या मुरमाच्या ढिगाऱ्यावर मारवेल येत नाही, तिथे आधी तण येतं. गिरीपुष्पाला शेळी-मेंढी सहसा तोंड लावत नाही, म्हणून तर ते जगतं; आणि म्हणूनच ते माळावर वाढलं की मेंढक्याच्या दृष्टीने ती जमीन गेली. उपग्रहाच्या चित्रावरून काढलेल्या पडीक जमिनींच्या नकाशांत आपले माळ वर्षानुवर्षं 'पडीक' म्हणून रंगवले गेले. एखाद्या जमिनीचं नावच पडीक ठेवलं, की तिथे काहीही करणं सुधारणाच ठरते.

गायरानाची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती सगळ्यांना माहीत आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या 22 व्या कलमाने गावाच्या गुरांसाठी जमीन राखून ठेवता येते. ती घरांखाली, शाळांखाली, गावठाणाच्या वाढीखाली जात राहिली. जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2011 मध्ये गावांच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं. आता सौर कृषी वाहिनी योजनेत गायरानं सौर प्रकल्पांना भाड्याने दिली जात आहेत. शेतीपंपाला दिवसा वीज मिळावी, ही मागणी रास्त आहे, रात्री साप-विंचवात मोटार चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याची ती जुनी मागणी. पण तारेच्या कुंपणाआड गेलेल्या त्या एकरांत मेंढरं कुठून चरायची, हे ठरावात कुठे लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

आणि लांडगा. त्याच्याशिवाय बारामती-इंदापूरच्या माळाचा आढावा पुरा होत नाही. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य 1997 मध्ये चिंकाऱ्यांसाठी झालं; क्षेत्र अवघं 5.14 चौरस किलोमीटर. एवढ्याशा तुकड्यात ना चिंकारा मावतो ना लांडगा. ते आजूबाजूच्या पडीत, गायरानात, उसात, बाजरीत राहतात, म्हणजे मेंढरं जिथे असतात तिथेच. या भागातल्या लांडग्याचं पोट बरंचसं मेंढराशेळ्यांवर चालतं. 1972 च्या वन्यजीव कायद्यात त्याला वाघाइतकंच वरचं संरक्षण आहे, पण त्याचा खर्च मेंढका देतो. लांडगा कोकरू उचलून नेतो तेव्हा मागे काही ठेवत नाही. भरपाईला पंचनामा लागतो, पंचनाम्याला मढं लागतं. आणि घटना बंद वनक्षेत्रात घडली असेल तर मेंढका तक्रारच करत नाही, कारण तक्रार करणं म्हणजे आपण तिथे होतो याची कबुली देणं. अशा न नोंदलेल्या कोकरांचा हिशेब कुठल्याच कागदावर नाही.

एवढं होऊनही इथे लांडगा टिकला, याचा अर्थ नीट लावायला हवा. मेंढपाळांनी ठरवलं असतं तर विषाच्या दोन गोळ्यांनी तो केव्हाच संपला असता. आज त्याला दुसरा धोका आहे. गावाकडच्या उकिरड्यांवर वाढलेल्या मोकाट कुत्र्यांशी त्याचा संकर होतो आहे. पुणे जिल्ह्यातल्या अशा संकरित लांडग्यांची खात्री आता जनुकीय तपासणीने झाली आहे. पुण्याची 'द ग्रासलँड्स ट्रस्ट' ही संस्था या भागात लांडग्यांवर काम करते, आणि हा धोका पुढे आणण्यात तिचा वाटा आहे. माळ तुकड्यातुकड्यांनी उरतो तेव्हा लांडगाही एकेकटा उरतो.

2024 मध्ये वन विभागाने बारामतीतल्या शिर्सुफळला आणि इंदापुरातल्या कडबनवाडीला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. हा मला मनापासून चांगला बदल वाटतो. माळ ही पाहायला जाण्याची जागा आहे, हे सरकारने यातून म्हटलं. ठरलेली वाट, ठरलेली वेळ, ठरलेली संख्या, तिकीट, गावातला वाटाड्या, अशी सगळी रीत तिथे बसवली आहे. माझं म्हणणं एवढंच, की पर्यटकाच्या गाडीसाठी जी रीत बसवता आली ती कळपासाठीही बसवता येईल. संख्या, वाट, वेळ, फी. नवं काही शोधायचं नाही.

कायद्याचा आधार नाही असंही नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यातलं कलम 3(1)(घ) स्थायिक आणि फिरती, दोन्ही चराई आणि भटक्या पशुपालकांचा हंगामी वापर, यांना सामूहिक हक्क म्हणून स्पष्ट मान्यता देतं. महाराष्ट्र या कायद्यात मागे नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा)ला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि देशभर त्याचं नाव झालं. पण मेंढा एका जागी आहे. वाडा वर्षात चाळीस गावांतून जातो, त्याने दावा कुठल्या ग्रामसभेत करायचा? शिवाय धनगर अनुसूचित जमातीत नसल्याने त्यांना 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांच्या घराला पत्ता नव्हता त्यांनी 75 वर्षांपूर्वीचा कागद कुठून आणायचा? कायद्यात म्हाताऱ्या माणसांची साक्षही पुरावा धरता येते. खंडोबा-बिरोबाच्या जत्रा, ठरलेले तळ, वर्षानुवर्षं मेंढरं बसवून घेणारे शेतकरी, हा सगळा जिवंत पुरावा आहे. जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी आयुष्यभर या वाटा पायी तुडवून धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्या ओव्यांत गावं, ओढे, घाट आणि कुरणं नावानिशी येतात. कुणी मनावर घेतलं तर तो एक वाटांचा नकाशाच आहे.

2014 च्या जुलैत अनुसूचित जमातीच्या आरक्षणासाठी धनगर समाजाचं मोठं आंदोलन बारामतीत झालं, अन् गेली दहा-बारा वर्षं तो प्रश्न प्रत्येक निवडणुकीत असतो. आज त्यांना भटक्या जमाती (क) म्हणून साडेतीन टक्के आरक्षण आहे. आरक्षणाची मागणी शिकलेल्या पोरांच्या नोकरीशी जोडलेली आहे, ती महत्त्वाची आहेच. पण जो अजून मेंढरांमागे आहे त्याच्या चराईचा प्रश्न त्या गर्दीत मागे राहिला, असं मला वाटतं. तो सोडवायला घटनादुरुस्ती लागत नाही. वन विभाग, तहसील आणि मेंढपाळ एका सतरंजीवर बसले तरी पुरे.

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. अहिल्यादेवींच्या नावाचं मेंढी व शेळी विकास महामंडळ 1978 पासून आहे. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत 20 मेंढ्या आणि 1 नर अनुदानावर मिळतो. त्याच योजनेतला मला सर्वांत बोलका वाटणारा भाग म्हणजे जून ते सप्टेंबरचं चराई अनुदान, महिना 6 हजार, चार महिन्यांचे 24 हजार रुपये. सरकारने या अनुदानाने स्वतःच मान्य केलं, की या चार महिन्यांत मेंढपाळाला चारायला जागा नसते. जागेच्या बदल्यात पैसे देऊ केले. पण 24 हजारांत विकत घ्यायचा तो हिरवा चारा जूनमध्ये येतो कुठून?

फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेने दुसऱ्या टोकाकडून हात घातला. बंगालच्या सुंदरबनातल्या गारोळे मेंढीत जुळी देण्याचा गुण असतो, तो जनुक त्यांनी दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' ही जात तयार केली. कमी मेंढ्यांत जास्त कोकरं मिळाली तर माळावरचा भार हलका होईल, हा विचार मोलाचा आहे. मात्र जुळी पाजणाऱ्या मेंढीला दूध हवं, दुधाला चांगला चारा हवा. म्हणजे फिरून पुन्हा गवतापाशी यावं लागतं.

व्यवहारात करता येण्यासारखं काय, हे मी अनेक मेंढपाळांना आणि काही वनरक्षकांनाही विचारलं. दोघांची उत्तरं इतकी जुळतात की ते एकमेकांशी कधी बोलले कसे नाहीत, याचं वाईट वाटतं. माळाचे तीन-चार भाग पाडायचे. एक भाग वर्षभर पूर्ण राखायचा, त्याचं बी पडू द्यायचं. बाकीचे आळीपाळीने उघडायचे, पण पहिल्या पावसाला नव्हे. गवत टाचेवर आलं आणि मुळं धरली की, म्हणजे जुलैच्या अखेरीपासून, कुसळ यायच्या आत. प्रत्येक भागावर किती मेंढरं आणि किती दिवस, हे पाऊस बघून दरवर्षी ठरवायचं. ते ठरवणाऱ्या समितीत ज्यांची मेंढरं आहेत ती माणसं हवीत, नुसते गावचे पुढारी नकोत. शेळ्या वेगळ्या. कोयता माळाच्या बाहेर. थोडी फी जरूर घ्यावी, कारण फीची पावती हाच मेंढक्याचा पहिला कागद ठरेल. कुसळीच्या माळावर वेळेत तोंड पडलं तर बी कमी धरतं, पुढच्या वर्षी कुसळीचं बळ घटतं आणि मारवेलीला जागा होते, असं मेंढपाळ सांगतात. हे एका माळावर पाच वर्षं मोजून बघायला हवं. वन विभागाकडे जमीन आहे, पुण्यात संशोधक आहेत, निरवांगीच्या शिवेवर मेंढरं आहेत.

2026 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी गवताळ प्रदेश आणि पशुपालक यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलेलं आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत फिरत्या पशुपालकांची प्रथमच वेगळी मोजणी झाली. 2019 च्या गणनेत महाराष्ट्रात सुमारे 27 लाख मेंढ्या होत्या, पण त्यातल्या किती फिरत्या आणि किती गोठ्यातल्या, हे त्या आकड्यावरून कळत नव्हतं.

त्या दुपारी ऊन कललं तशी मामांनी मेंढरं वळवली. रात्री कुठे, असं विचारलं तर म्हणाले, एका ओळखीच्या माणसाचं रान पेरायचं राहिलंय, तिथं बसवीन, उद्याचं उद्या बघू. पाटीपलीकडच्या गवताला त्या दिवशी कुणी तोंड लावलं नाही. नऊ दिवसांनी मी पुन्हा त्याच रस्त्याने गेलो. वाडा पुढे गेला होता. साइडपट्टी खरवडल्यासारखी झाली होती, आणि चरापलीकडे अख्ख्या माळावर तांबूस झाक चढली होती. गाडीतून उतरून चार पावलं आत गेलो आणि परत आलो, तेव्हा विजारीच्या पायांत वीसेक कुसळं रुतली होती.